दहा नॉर्मल अ‍ॅसिडमध्ये पीएच मीटर अडतो, मग मोजायचं कशाने?

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या, तालुक्याच्या ठिकाणच्या एका महाविद्यालयातून आला आहे. तिथल्या रसायनशास्त्राच्या मॅडम एम.एस्सी.च्या मुलांकडून एस्टरचं (एथिल अ‍ॅसिटेटसारख्या पदार्थाचं) आणि साखरेचं आम्लातलं विघटन मोजून घेत आहेत. अर्धा नॉर्मल अ‍ॅसिडपर्यंत सगळं पाठ्यपुस्तकाप्रमाणे आलं (नॉर्मल हे अ‍ॅसिड किती दाट आहे याचं माप). पुढे मुलांनी हौसेने ५ नॉर्मल आणि १० नॉर्मल सल्फ्युरिक अ‍ॅसिड घेतलं. पीएच मीटरवर दोन्हींत जेमतेम एक-दोन दशांशांचा फरक दिसतो, अभिक्रिया मात्र कितीतरी पटीने पळते, आणि आलेख कशाशीच जुळत नाही. मीटर बिघडला आहे का, आणि नसेल तर अशा अ‍ॅसिडची आम्लता मोजायची कशी, असं त्यांनी विचारलं आहे. जोडीला गावाकडचा एक प्रश्न आहे: काही मुलांच्या घरी सरकीवरची लव तेजाबाने (तीव्र सल्फ्युरिक अ‍ॅसिडने) काढतात. मागच्या हंगामाचं उरलेलं तेजाब नीट काम करत नाही. ते लिटमसने तपासता येईल का?

मॅडम, तुमचा मीटर ठीक आहे. तो त्याच्या हद्दीबाहेर वापरला जातोय, एवढंच. तीव्र अ‍ॅसिडमध्ये दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात: द्रावणात अ‍ॅसिड किती आहे (म्हणजे त्याची संहती), आणि ते द्रावण दुसऱ्या रेणूला किती जोराने प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजन आयन, देतं. विरल द्रावणात पहिलीवरून दुसरी कळते, म्हणून आपण त्या एकच धरतो. तीव्र द्रावणात त्यांची फारकत होते, आणि तिचं मुख्य कारण पाणी आहे. तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं इथेच आहेत, आणि ती शोधायला महागडं उपकरण लागत नाही. तालुक्याच्या प्रयोगशाळेत हे काम व्हावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी मीटरचं. सोरेनसेनने १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत पीएचची मोजपट्टी मांडली ती विकरांच्या (एन्झाइमच्या) कामासाठी, म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच असलेल्या द्रावणांसाठी. काचेच्या इलेक्ट्रोडच्या बाहेरच्या अंगावर पाणी प्यायलेला एक अतिशय पातळ थर असतो आणि मोजणी त्या थराच्या भरवशावर चालते. बाहेरच्या द्रावणात मोकळं पाणी कमी झालं आणि अ‍ॅसिड थरात शिरलं की थराचं वागणं बदलतं, आणि मीटर खऱ्यापेक्षा जास्त पीएच दाखवतो. दुसरी अडचण संदर्भ इलेक्ट्रोडची आहे. त्याच्या पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण आणि तुमचं अ‍ॅसिड जिथे भेटतात, तिथे हायड्रोजन आयन इतर आयनांपेक्षा फार वेगाने सरकतात आणि एक जादा विभव (व्होल्टेज) तयार होतो. तो किती, हे त्या द्रावणात स्वतंत्रपणे मोजता येत नाही. २५ अंशांवर ५९ मिलिव्होल्ट म्हणजे पीएचचा एक पूर्ण अंक, त्यामुळे थोडा विभवही आकडा फिरवतो. पर्क्लोरिक अ‍ॅसिडमध्ये तर त्या सांध्यातच पोटॅशियम पर्क्लोरेट साका होऊन बसतं आणि इलेक्ट्रोड कायमचा मंद होतो.

तिसरी गोष्ट साधी आहे, पण मुलांना आवर्जून सांगा. मीटर आपण ४ आणि ७ च्या बफरवर, म्हणजे पीएच पक्का माहीत असलेल्या द्रावणांवर, लावतो. नेहमीच्या प्रमाणित बफरांत सगळ्यात आम्लधर्मी म्हणजे पोटॅशियम टेट्राऑक्झलेटचा, १.६८ चा. त्याच्या खाली मीटर तीच रेषा पुढे ओढत जातो आणि आपल्याला दोन दशांशांपर्यंत आकडा दिसतो. त्या दशांशांना आधार नाही.

आता नॉर्मलिटी. नॉर्मल आकडा लिटरमागे देता येणारे प्रोटॉन मोजतो, मोलर आकडा रेणू मोजतो, आणि सल्फ्युरिकच्या एका रेणूत प्रोटॉन दोन. ५ नॉर्मल सल्फ्युरिक म्हणजे अडीच मोलर. टायट्रेशन करताना अल्कली दोन्ही प्रोटॉन ओढून घेतं, म्हणून ब्युरेट ५ दाखवतं. बाटलीत मात्र दुसरा प्रोटॉन बहुतांशी बायसल्फेटवरच (पहिला प्रोटॉन गेल्यावर उरलेल्या आयनावरच) बसलेला असतो, कारण बायसल्फेट काही फार जोरदार आम्ल नाही. त्याचा पीके, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन सोडतात तो आकडा, २ च्या आसपास आहे. म्हणजे ५ नॉर्मलच्या द्रावणात हायड्रोजन आयनांची संहती ५ मोलर धरली की आलेखाचा आडवा अक्षच चुकला. अनेक प्रकल्पांत मी हाच आकडा डोळे झाकून वापरलेला पाहिला आहे. संहतीशी तुलना करायचीच असेल तर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड घ्या. त्याचा एकच प्रोटॉन आहे आणि तो पुरता सुटतो. शिवाय नेहमीच्या वायुदाबावर त्याचं पाण्याबरोबरचं मिश्रण २०.२ टक्क्यांना स्थिर उकळतं, म्हणजे सुमारे ६ मोलरचं भरवशाचं द्रावण तुम्ही धुराच्या कपाटात उर्ध्वपातनाने स्वतः करू शकता.

आता पाण्याकडे. अडीच मोलर सल्फ्युरिकमध्ये अ‍ॅसिडच्या एका रेणूमागे पाण्याचे साधारण २० रेणू असतात. ५ मोलरला ते ९ वर येतात. वजनाने ५० टक्के द्रावणात साडेपाच, ७० टक्क्यांना सव्वादोन. साडेचौऱ्याऐंशी टक्क्यांना एकास एक, आणि ९८ टक्क्यांच्या बाटलीत उलट पाण्याच्या एका रेणूमागे अ‍ॅसिडचे नऊ. विरल द्रावणात प्रोटॉनला चहूबाजूंनी पाण्याने धरून ठेवलेलं असतं. त्याला तिथून काढून दुसऱ्या रेणूवर बसवायचं तर हे पाणी सोडवावं लागतं. पाणी अपुरं पडू लागलं की प्रोटॉनवरची पकड सैल होते, आणि तो समोर येईल त्या रेणूवर सहज बसतो. म्हणून अ‍ॅसिड दुप्पट केलं तर आम्लता दुपटीवर थांबत नाही. हायड्रोक्लोरिकचं उदाहरण घ्या: १ मोलरवरून ६ मोलरला गेलं तर संहती सहापट होते, पण प्रोटॉन देण्याची ताकद सुमारे ८० पट वाढते.

ही ताकद मोजायची युक्ती लुई हॅमेट यांनी आल्डेन डेरप यांच्यासोबत १९३२ साली कोलंबिया विद्यापीठातून दिली. मला ती रसायनशास्त्रातल्या सर्वांत सुंदर युक्त्यांपैकी एक वाटते. द्रावणात इलेक्ट्रोड बुडवायचा नाही. एक अतिशय कमजोर बेस, म्हणजे नायट्रोअ‍ॅनिलिनसारखा रंगीत दर्शक, चिमूटभर टाकायचा आणि त्यातल्या किती रेणूंनी प्रोटॉन घेतला ते रंगावरून मोजायचं. मोकळं नायट्रोअ‍ॅनिलिन पिवळं असतं. प्रोटॉन घेतला की पिवळा रंग जातो. दोन्हींचं गुणोत्तर कळलं की:

एच-शून्य = पीके − लॉग (प्रोटॉन घेतलेले ÷ प्रोटॉन न घेतलेले)

हे हॅमेटचं आम्लता फलन. विरल द्रावणात ते पीएचशी एकरूप होतं, आणि पीएच जिथे थांबतो तिथून पुढे ते उणे आकड्यांत चालत राहतं.

तुमच्याकडे साधा फिल्टरचा कलरीमीटर (द्रावणाचा रंग किती गडद ते मोजणारं यंत्र) आहे असं तुम्ही लिहिलं आहे. त्याला ऑर्थो-नायट्रोअ‍ॅनिलिन चांगलं जमतं, कारण त्याचं शोषण ४१० नॅनोमीटरच्या आसपास आहे आणि ४२० चा फिल्टर सगळ्या यंत्रांत असतो. पॅरा-नायट्रोअ‍ॅनिलिन ३८० ला शोषतं, तिथे बहुतेक कलरीमीटर पोचत नाहीत. दर्शकाचं लिटरला २ ग्रॅमचं अल्कोहोलमधलं द्रावण करून ठेवा. प्रत्येक नळीत दहा मिली द्रावणाला त्याचे ०.१ मिली पुरे. नळ्या तीन: एक साध्या पाण्याची, एक ५० टक्के सल्फ्युरिकची, आणि तिसरी तुम्हाला मोजायच्या अ‍ॅसिडची. तिन्हींत दर्शक अगदी सारखा पडला पाहिजे, म्हणून तो एकाच बारीक पिपेटने टाका. प्रत्येक अ‍ॅसिडचं शून्य त्याच अ‍ॅसिडने लावा, पाण्याने नाही.

समजा पाण्याच्या नळीचं वाचन ०.६० आलं. ५० टक्के अ‍ॅसिडमध्ये जवळपास सगळे रेणू प्रोटॉन घेऊन बसलेले, तिथे ०.०२. आणि तुमच्या ५ नॉर्मलमध्ये ०.१०. प्रोटॉन घेतलेले रेणू ०.६० वजा ०.१०, म्हणजे ०.५० च्या प्रमाणात. न घेतलेले ०.१० वजा ०.०२, म्हणजे ०.०८ च्या प्रमाणात. गुणोत्तर सव्वासहा, त्याचा लॉग ०.८०. ऑर्थो-नायट्रोअ‍ॅनिलिनचा पीके −०.२९. म्हणून एच-शून्य −१.०९. ५ नॉर्मल सल्फ्युरिकसाठी हा आकडा बरोबर आहे. १० नॉर्मलला, म्हणजे सुमारे ३८ टक्के द्रावणाला, तो −२.३ च्या आसपास येईल. फरक सव्वा एककाचा, म्हणजे ताकदीत पंधरा-वीस पट. तुमचा मीटर एवढा मोठा फरक एक-दोन दशांशांत दाखवत होता. अभिक्रिया खरं सांगत होती.

मात्र १० नॉर्मलला हाच दर्शक वापरू नका. गुणोत्तर दहाच्या पुढे किंवा दहांशाच्या खाली गेलं की उरलेला रंग इतका फिका असतो की वाचनातली हजारांशाची चूकही लॉगमध्ये मोठी होऊन बसते. एक दर्शक साधारण दोन एककांपुरता भरवशाचा असतो. म्हणून दर्शकांची साखळी लागते: पॅरा-नायट्रोअ‍ॅनिलिन (+१.०), ऑर्थो (−०.३), ४-क्लोरो-२-नायट्रोअ‍ॅनिलिन (−१.०), आणि पुढे बऱ्याच अंतरावर २,४-डायनायट्रोअ‍ॅनिलिन (−४.५). मधली जागा डायक्लोरो-नायट्रोअ‍ॅनिलिनांनी भरतात. पहिल्या कडीचा पीके विरल द्रावणात पीएचच्याच मदतीने ठरतो. मग एकाच अ‍ॅसिडमध्ये पहिला आणि दुसरा दर्शक दोन्ही मोजायचे. त्यांच्या लॉगमधला फरक म्हणजे पीकेमधला फरक. असं एकेक कडी जोडत हॅमेट शंभर टक्के सल्फ्युरिकपर्यंत गेले. मुलांना निदान दोन कड्या स्वतः जोडायला लावा. आकडा कुठून येतो हे एकदा हाताने केलं की कळतं.

अ‍ॅसिड तीव्र होत जातं तसं दर्शकाचं शोषण-शिखर थोडं सरकतं, त्यात प्रोटॉनचा काही संबंध नसतो. जिल्ह्याच्या एखाद्या महाविद्यालयात स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर एक दिवस मागून घ्या आणि पूर्ण वर्णपट काढा. सगळ्या द्रावणांच्या वक्ररेषा एकाच बिंदूतून जात असतील तर द्रावणात दोनच रूपं आहेत आणि माध्यमाचा परिणाम किरकोळ आहे. बिंदू घरंगळत असेल तर दुरुस्ती करावी लागेल. आणि सल्फ्युरिकसाठी प्रत्येक वेळी दर्शक मोजायलाच हवा असंही नाही. वजनाची टक्केवारी नेमकी माहीत असेल तर एच-शून्यचे आकडे मोजलेले आहेत: २० टक्क्यांना सुमारे −१, ५० ला −३.४, ६० ला −४.५, ७० ला −५.९, ८० ला −७.४, ९० ला −९ आणि शंभराला −१२ च्या जवळ. यापेक्षाही जोरदार द्रावणांना महाआम्लं म्हणतात, आणि त्यांतल्या कामासाठी जॉर्ज ओला यांना १९९४ चं नोबेल मिळालं. तुमचं काम ६० टक्क्यांच्या आत आहे.

आता वेगाकडे. एथिल अ‍ॅसिटेटचा नेहमीचा प्रयोग, पाच मिली काढायचं, बर्फाच्या पाण्यात टाकायचं आणि तयार झालेलं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड अल्कलीने मोजायचं, हा अर्धा नॉर्मलपर्यंत उत्तम. १० नॉर्मलमध्ये तो करू नका. शंभर मिलीत पाच मिली एस्टर घातलं तर ते पूर्ण तुटल्यावरही अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड अर्धा मोलरच होणार, आणि तुम्ही ते १० नॉर्मलच्या डोंगरावर चढवून मोजताय. ब्युरेटच्या वाचनातला सगळा बदल मिळून शेकडा पाच. त्यात वेगस्थिरांक (अभिक्रियेच्या वेगाचा आकडा) शोधणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

साखरेचं विघटन याबाबतीत फार बरं. विल्हेल्मी यांनी १८५० साली अभिक्रियेच्या वेगाचा पहिला गणिती नियम याच प्रयोगातून मांडला. साखर ध्रुवित प्रकाश उजवीकडे वळवते, तुटून झालेलं मिश्रण डावीकडे, आणि हे वळण मोजणाऱ्या पोलारीमीटरला अ‍ॅसिड किती आहे याच्याशी देणंघेणं नसतं. अडचण एवढीच की अ‍ॅसिड बरंच तीव्र झालं की साखर काळवंडते आणि नळीतून काही दिसत नाही. तुमच्या ५ नॉर्मलपर्यंत, थंड ठेवून आणि लगबगीने, काम होईल.

त्याच्या पुढच्या अ‍ॅसिडसाठी मी पॅरा-नायट्रोअ‍ॅसिटॅनिलाइड सुचवतो. बी.एस्सी.ची मुलं दरवर्षी ते तयार करतात, कपाटात पडून असतं. ते अ‍ॅसिडमध्ये गरम केलं की हळूहळू तुटून पॅरा-नायट्रोअ‍ॅनिलिन होतं. ठरावीक वेळाने अर्धा मिली काढायचं, सोडियम अ‍ॅसिटेटच्या बर्फगार आणि भरपूर द्रावणात सोडायचं. अभिक्रिया थांबते, अ‍ॅसिड बरंचसं मरतं, नायट्रोअ‍ॅनिलिन प्रोटॉन सोडून पिवळं होतं. मूळ पदार्थ ४०० नॅनोमीटरवर जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे पिवळेपणा थेट अभिक्रिया किती झाली ते सांगतो. शिखर ३८० ला असलं तरी त्याची उतरण ४०० च्या फिल्टरला पुरते. इथे कॉस्टिक वापरण्याचा मोह टाळा. अ‍ॅसिटॅनिलाइड अल्कलीतही तुटतं आणि शिवाय उष्णता फार होते.

या सगळ्यात तुमचा खरा शत्रू तापमान आहे. विदर्भात मे महिन्यात प्रयोगशाळेचा पारा सकाळी ३२ आणि दुपारी ४२ वर असतो, वर वीज जाते. 'दहा अंशांना दुप्पट वेग' हे ढोबळ वाक्य मुलं पाठ करतात. साखरेच्या विघटनाची सक्रियण ऊर्जा (अभिक्रिया घडायला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरा) मोलला सुमारे १०८ किलोज्यूल आहे. त्या हिशेबाने २५ वरून ३५ अंशांवर वेग चौपट होतो, आणि एका अंशाची चूक वेगात शेकडा पंधराची चूक आणते. अ‍ॅसिडमुळे वेग किती बदलला हे शोधताय आणि खोलीच त्याहून जास्त बदलतेय, असं व्हायला नको. थर्मोस्टॅट वीज गेल्यावर थंडावतो, म्हणून शंभर लिटरचा झाकणाचा प्लॅस्टिक पिंप पाण्याने भरून त्यात नळ्या बुडवून ठेवा. एवढ्या पाण्याचं तापमान तासाभरात फारसं हलत नाही. प्रत्येक नमुन्याच्या वेळी तापमानही लिहा. नायट्रोअ‍ॅसिटॅनिलाइडला ६०-७० अंश लागतात, ते काम वीज असण्याच्या वेळा बघून ठेवा.

आणि अ‍ॅसिड कधीही ऐनवेळी मिसळून प्रयोग सुरू करू नका. मिसळताना इतकी उष्णता सुटते की पहिली दहा मिनिटं तुम्ही कुठल्या तापमानावर आहात हेच कळत नाही. अ‍ॅसिड आदल्या दिवशी करून, टायट्रेट करून, पिंपात ठेवायचं. सुरुवात करायची ती अभिक्रियेच्या पदार्थाचं थोडंसं द्रावण टाकून, पाच मिलीत ०.०५ मिली अशा बेताने.

वेगस्थिरांक हातात आले की दोन आलेख एकाच कागदावर काढा: लॉग-वेग विरुद्ध लॉग-संहती, आणि लॉग-वेग विरुद्ध उणे एच-शून्य. झुकर आणि हॅमेट यांनी १९३९ साली असं सुचवलं की वेग एच-शून्यच्या मागे चालत असेल तर प्रोटॉन घेतलेला रेणू मंद पायरीत एकटाच तुटतो, आणि वेग संहतीच्या मागे चालत असेल तर त्या पायरीत पाण्याचा रेणूही भाग घेतो. साखर पहिल्या गटात बसते, साधं एस्टर दुसऱ्यात. तुमच्या मुलांचे दोन आलेख एकमेकांशी का जुळत नव्हते, त्याचं कारण हेच. साखर आणि एस्टर एकाच अ‍ॅसिडमध्ये वेगवेगळी चाल चालतात, आणि त्या चालीतूनच त्यांची यंत्रणा कळते. मुलांचे आकडे चुकीचे म्हणून टाकून देऊ नका.

पण या नियमावर पूर्ण विसंबू नका. बऱ्याच अभिक्रियांचे उतार ना इकडे ना तिकडे, मधेच येतात. बनेट यांनी १९६१ साली प्रश्न थेट पाण्याकडे वळवला. लॉग-वेगात एच-शून्य मिळवायचं आणि ते पाण्याच्या क्रियाशीलतेच्या (म्हणजे खरोखर उपलब्ध पाण्याच्या) लॉगसमोर मांडायचं. रेषेचा उतार शून्याच्या जवळ किंवा उणे आला तर मंद पायरीत पाणी नाही. सव्वा ते सव्वातीनच्या दरम्यान आला तर पाणी रेणूवर हल्ला करतंय. त्याहून जास्त असेल तर पाणी प्रोटॉनची ने-आण करतंय. सल्फ्युरिकमधली पाण्याची क्रियाशीलता मोजलेली आहे: ५० टक्क्यांना ती सुमारे ०.३५, ६० ला ०.१६. म्हणजे वजनाने पाणी अर्धं असलं तरी उपलब्ध पाणी तिसऱ्या हिश्श्याएवढंच.

अमाइडांत, म्हणजे नायट्रोअ‍ॅसिटॅनिलाइडच्याच वर्गातल्या पदार्थांत, हे सगळ्यात ठळक दिसतं. बेंझमाइडसारख्या अमाइडचा तुटण्याचा वेग अ‍ॅसिडबरोबर आधी वाढतो, ३ ते ६ मोलरच्या दरम्यान शिखरावर जातो, आणि नंतर घसरतो. आम्लता वाढतेय आणि वेग कमी होतोय! कारण तोवर जवळजवळ सगळ्या अमाइडने प्रोटॉन घेतलेला असतो, आणखी अ‍ॅसिडने त्यात भर पडत नाही, पण हल्ला करणारं पाणी मात्र कमी होत राहतं. नायट्रोअ‍ॅसिटॅनिलाइडच्या प्रयोगात वेगाचा वक्र वाकताना दिसला तर त्याला चूक समजू नका, तिथे आणखी बिंदू घ्या.

एच-शून्य हा नायट्रोअ‍ॅनिलिनांच्या डोळ्यांतून दिसलेला आकडा आहे, हेही प्रकल्पात स्पष्ट लिहा. प्रोटॉन घेतल्यावर प्रत्येक जातीच्या रेणूला पाण्याची गरज वेगळी असते. अमाइडांची पट्टी वेगळी निघते, ट्रायअरिलमेथॅनॉल या आणखी एका जातीच्या दर्शकांची त्याहून फारच तीव्र उतरते. पीएचसारखा एकच सार्वत्रिक आकडा इथे नाही. कॉक्स आणि येट्स यांनी १९७८ मध्ये टोरांटोहून दिलेली 'जादा आम्लता' ही पद्धत या सगळ्या पट्ट्या एका धाग्यात ओवते, आणि एम.एस्सी.च्या पुढे जाणाऱ्या मुलाने तीच शिकावी असं माझं मत आहे. प्रकल्पाला मात्र हॅमेट आणि बनेट पुरेत.

आता तेजाब. बीटीची पाकिटं लव काढूनच येतात, पण देशी वाणांचं बियाणं घरी राखणारे कास्तकार अजून आहेत. रीत अशी: किलोभर सरकीला सुमारे १०० मिली तीव्र सल्फ्युरिक, प्लॅस्टिकच्या बादलीत लाकडी काठीने दोन-तीन मिनिटं ढवळायचं, सरकी कॉफीच्या रंगाची झाली की ताबडतोब भरपूर पाण्यात. मग चार-पाच धुण्या, चुन्याची निवळी, तरंगणारं पोचट बी काढून टाकायचं आणि बाकीचं सावलीत वाळवायचं. हे सगळं कवचाच्या आत अ‍ॅसिड पोचायच्या आधी लव जाण्यावर टिकून आहे. अ‍ॅसिड सौम्य असेल तर लव वेळेत जात नाही, माणूस जास्त वेळ ढवळतो, आणि बी मरतं.

लिटमस इथे काही कामाचा नाही. ९८ टक्क्यांत लाल, ८० टक्क्यांत लाल, व्हिनेगरमध्येही लाल. तीव्र सल्फ्युरिक हवेतली ओल ओढतं. बूच सैल राहिलेल्या ड्रममध्ये पावसाळाभर हेच चालतं. ९८ वरून ९० वर आलं तर आपल्याला आठ टक्के वाटतात, पण प्रोटॉन देण्याची ताकद वीस-पंचवीस पटीने घटते, आणि ८० वर शेकडो पटीने. लव जळणं ही काही नेमकी मोजलेली अभिक्रिया नाही, त्यामुळे तिचा वेग तंतोतंत एवढाच घटेल असं म्हणणार नाही, पण कल पक्का तोच.

मग तपासायचं कसं? घनता बघा, पण सांभाळून. ८० टक्क्यांना ती १.७३, ९० ला १.८१, ९८ ला १.८४. मात्र ९५ च्या पुढे घनता जवळजवळ सपाट होते, ९८ ला टोक गाठून शंभरकडे थोडी उतरतेही. बॅटरीवाल्याचा हायड्रोमीटर १.३ पर्यंतच असतो, त्याचा उपयोग नाही. तुमच्या मुलांनी टायट्रेशन करून द्यावं. तेजाब झाकणाच्या बाटलीत बरोबर १ ग्रॅम तोलायचं, ५० मिली गार पाण्यात हळूहळू सोडायचं, शंभर मिली करायचं, त्यातलं १० मिली ऑक्झॅलिक अ‍ॅसिडवर ताडलेल्या ०.१ नॉर्मल कॉस्टिकने मोजायचं. ९८ टक्के असेल तर २० मिली लागेल, ९० ला १८.४, ८० ला १६.३. गावोगावच्या दूध संकलनात गर्बर पद्धतीने फॅट काढतात, तिथेही हाच प्रश्न असतो: तिथलं अ‍ॅसिड ९०-९१ टक्क्यांचंच लागतं. जास्त तीव्र असेल तर फॅटची रेषा काळी होते, सौम्य असेल तर दही तसंच राहतं. तीच तपासणी त्यांनाही करून देता येईल.

लोखंडी ड्रमचं एक सांगायलाच हवं. ९८ टक्के अ‍ॅसिड लोखंडात राहतं, कारण आतून लोह सल्फेटचा थर धरतो. पाणी शिरून ते सौम्य झालं की थर टिकत नाही, लोखंड खाल्लं जातं आणि हायड्रोजन साठतो. म्हणून उतरलेल्या तेजाबाचा ड्रम ताजं भरायला वापरू नका, आणि बूच उघडताना जवळ विडी-काडी नको. सरकीवर अ‍ॅसिड असताना तांब्याभर पाणी ओतणं सगळ्यात वाईट, कारण तेवढ्या पाण्यात बी उकळून निघतं आणि अ‍ॅसिड अंगावर उडतं. सरकी पाण्यात पडली पाहिजे, पाणी सरकीवर नाही. डोळ्यांना चष्मा, पायांत बूट, आणि हाताशी दोन बादल्या स्वच्छ पाणी भरून ठेवलेलं. प्राथमिक आरोग्य केंद्र दूर असतं. डोळ्यात थेंब गेला तर आधी पंधरा-वीस मिनिटं सतत पाणी मारायचं आणि मग गाडी काढायची. प्रयोगशाळेत पिपेट तोंडाने ओढणं आजपासून बंद करा. नायट्रोअ‍ॅनिलिनं विषारी आहेत आणि कातडीतूनही जातात. पर्क्लोरिक अ‍ॅसिड तर धुराड्याची नीट सोय नसेल तर मागवूच नका, सेंद्रिय पदार्थासोबत ते तापलं की स्फोट होतो. वापरलेलं अ‍ॅसिड भरपूर पाण्यात ओतून चुन्याने मारा, लिटमस निळा झाल्यावरच सांडा. एवढ्यापुरता लिटमस पुरेसा आहे. बीजप्रक्रियेचं धुणं विहिरीजवळ किंवा गुरांच्या टाक्याजवळ करू देऊ नका.

पहिल्या महिन्यात ऑर्थो-नायट्रोअ‍ॅनिलिनने १ ते ५ नॉर्मल सल्फ्युरिकचे पाच बिंदू काढा आणि ५ नॉर्मलचा बिंदू वर दिलेल्या आकड्याशी ताडून पाहा. तो दशांशाच्या आत जुळला की साखरेला हात घाला.